माझ्या जाळीत आजचं आभाळ

मी पितळेची तबकडी बोलतेय. काचेआडून बोलतेय, म्हणून जरा मोठ्यानं. शिकलेली माणसं मला यंत्रराज म्हणतात. नाव राजाचं आणि जिणं कोंडलेलं. जेवायच्या ताटलीएवढी मी. कडीला धरून मला टांगायचं, पट्टीच्या दोन भोकांतून सूर्य नाहीतर तारा बघायचा, अंगावरची जाळी फिरवायची, की किती वाजले ते कळतं. घड्याळं नव्हती तेव्हा लोकांचं सगळं अशा यंत्रांवर चालायचं.

माझ्या पायाशी पाटी लावलीय. ‘दरबारी कारागिराने घडवलेले, चारशे वर्षांपूर्वीचे.’ साफ खोटं. माझं वय एकोणीस. मला एका बाईनं घडवलं, घरातल्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या बाकावर.

तिला सगळी गल्ली ताई म्हणायची. बाप ओतारी होता, भांडी ओतायचा. त्याच्या हाताखाली ती कोरणी धरायला शिकली. आई लवकर गेली, तेव्हा धाकट्या भावाला हिनंच मोठं केलं. त्याच भावानं पुढं जुन्या वस्तूंचं दुकान टाकलं. एक दिवस तो आला आणि बाकावर बसला.

“ताई, एक यंत्रराज करून दे. शाळेतल्या पोरांना आभाळ शिकवायला पाहिजे. तुझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही.”

“लोणी लावू नकोस. कधीपर्यंत पाहिजे?”

“घाई नाही. वेळ घे.”

“म्हणजे फुकट पाहिजे!”

तो हसला, तीही हसली. माझा जन्म त्या हसण्यातून झाला. आता आठवलं की अंगावर काटा येतो, पितळेचं अंग असून.

तिनं मला वाळूच्या साच्यात ओतलं. मग ठोकलं, तापवलं, गार केलं, पुन्हा ठोकलं. काचेवर घासून सपाट केलं. गरम राळेत बसवलं, हलू नये म्हणून. मग काठावर तीनशे साठ रेघा! वर्तुळाचे सहा भाग कर्कटकानं कुणीही पाडेल. अर्धे करणंही सोपं. पण त्यांतल्या प्रत्येकाचे तीन, आणि त्याचे पुन्हा पाच करताना जीव मेटाकुटीला येतो. केसभर चुकलं तर शेवटच्या रेघेपाशी बोटभर फट राहते. ती आधी भंगार पत्र्यावर पाडून बघायची. चुकलं की पत्रा भिरकावायची आणि स्वतःलाच शिव्या द्यायची. असे सात पत्रे भिरकावले. आठव्यावर फट राहिली नाही, तेव्हा चहा प्यायली आणि मला हात लावला.

जाळीतल्या प्रत्येक पानाचं टोक म्हणजे एक तारा. ती टोकं कुठं ठेवायची ते विचारायला ती शेजारच्या निवृत्त गुरुजींकडे गेली. भावानं दिलेलं जुन्या यंत्राचं चित्र तिनं पुढं धरलं.

गुरुजी म्हणाले, “ह्याची नक्कल करू नकोस. आभाळ सरकतं, ताई. बहात्तर वर्षांत एक अंश. चारशे वर्षांत साडेपाच. जुनी टोकं कोरलीस तर आजच्या पोरांना चुकीची वेळ सांगेल.”

“मग आजची टोकं सांगा. पोरांना फसवायचं नाही मला.”

गुरुजींनी आकडे लिहून दिले. त्या आकड्यांनी तिनं जाळी कापली. बारीक करवतीनं, मग कानशीनं. एक पान तुटलं. तिनं डाख देऊन जोडलं, वर फुंकर मारली आणि म्हणाली, “रडू नकोस, बसलं.” अकरा महिन्यांनी पाठीमागं स्वतःचं नाव कोरलं. चार इयत्ता शिकलेली बाई, अक्षर मात्र मोत्यासारखं.

भाऊ मला घेऊन गेला. शाळेत नाही, दुकानाच्या मागच्या मोरीत.

आधी त्यानं कानशीनं ताईचं नाव उडवलं. मग मीठ आणि व्हिनेगरात भिजवलेल्या भुशात मला महिनाभर पुरलं. अंगावर हिरवा गंज चढला. नाव होतं त्याच जागी कुणा दुसऱ्याच्या हातून जुन्या दरबारी कारागिराचं नाव कोरून घेतलं. मग कधीही न झालेल्या एका आजोबांच्या पेटीत मी ‘सापडले’ आणि देणगी म्हणून या संग्रहालयात आले. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मला तोंड नव्हतं. पण खरं सांगते, या गादीवर आल्यावर, लोक वाकून बघायला लागल्यावर, मलाही ते म्हातारपण बरं वाटलं. तेवढी मीही बेइमान.

ताई भावाला दर वर्षी विचारायची, “पोरं काय म्हणतात रे?”

“खूश आहेत, ताई.”

“एकदा बघायला येते.”

“शाळा लांब हलवली गं. तुझे गुडघे बघ आधी.”

तो हे हसत हसत सांगायचा. एकदा माझ्यासमोरच, या दालनातून, फोनवर सांगितलं त्यानं.

मागच्या महिन्यात हे दालन नव्यानं सजवलं, त्याचं पुन्हा उद्घाटन झालं. देणगीदार म्हणून भाऊ पुढच्या खुर्चीवर. वर्तमानपत्रात आदल्या दिवशी फोटो आला होता, त्याच्या हातात मी. तो बघून ताई आली. काठी टेकत, जाड चष्मा, थेट माझ्यापाशी. काचेला नाक लावून तिनं एकेक पान बघितलं. डाख दिलेल्या पानाशी थांबली.

“साहेब,” ती संग्रहालयाच्या मुख्य अधिकाऱ्याला म्हणाली, “हे मी केलंय.”

पहारेकरीण हसली. “हो काकू, आणि चंद्र मी टांगलाय.”

“तू टांग, मी कुठं नाही म्हणते? साहेब, याला बाहेर काढा. ताऱ्यांची टोकं मोजा. ती आजच्या आभाळाची आहेत. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजचं आभाळ कसं दिसलं?”

साहेब क्षणभर थबकला. माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, उघडतोय काच. तेवढ्यात भाऊ उठून आला. ताईच्या खांद्यावर हात ठेवला, किती मायेनं!

“माफ करा साहेब, माझी बहीण आहे. वय झालंय. डोळ्यांबरोबर डोकंही जरा...”

सगळ्यांनी माना हलवल्या. ताईनं तो हात खांद्यावरून उचलला आणि खाली सोडला, जशी पत्र्याची कपची टाकायची तशी.

“लहानपणी तुझ्या तापात मी रात्र रात्र जागले,” ती म्हणाली. “तेव्हा डोकं शाबूत होतं ना माझं?”

ती गेली. काठीचा आवाज जिन्यापर्यंत ऐकला मी. मग टाळ्या झाल्या.

तेव्हापासून माझा गंज मला टोचतो. नाव खरवडलं, रंग बदलला, पण भावाला एक माहीत नव्हतं. आभाळ सरकतं हे त्याला कुणी शिकवलंच नाही, आणि ताईनं चित्राची नक्कल केली असेल असंच तो धरून चालला. माझा जन्मदाखला माझ्या जाळीतच आहे. तो कानशीनं उडत नाही.

म्हणून, काचेशी वाकणाऱ्या माणसा, तुला सांगते. साहेबाला गाठ. म्हणावं, मला एकदा उघड्यावर न्या, एखाद्या ताऱ्यावरून वेळ काढा आणि घड्याळाशी ताडून बघा. मी खरंच चारशे वर्षांची असेन तर वीसेक मिनिटं चुकेन. नाही चुकले, तर ही गादी जाईल, काच जाईल, कुठल्या तरी कपाटात मला फेकतील. फेकू देत. फक्त पाटीवर तिचं नाव लिहा, आणि ती वाचायला येईल तेव्हा तिला बसायला खुर्ची द्या.

पण लवकर. आभाळाला एक अंश सरकायला बहात्तर वर्षं लागतात. ताईकडे तेवढा वेळ नाही.