बाटली कोणाच्या बाजूला?

मी एक जुने लाकडी टेबल आहे. मित्रांनो, हसू नका. टेबलाच्या आयुष्यात असे काय घडणार, असे वाटत असेल तर घटकाभर माझ्यापाशी बसा.

मला घडवणारा सुतार हाताचा मोठा गुणी, पण फार घाईचा. त्याने रुग्णालयातली सभेची खोली मोजली, खिडक्याही मोजल्या, आणि दार मोजायला विसरला. मी तयार होऊन ऐटीत दारापर्यंत आले आणि तिथेच अडकले. आडवे करून झाले, उभे करून झाले, उचलणारी माणसे घामाघूम झाली. शेवटी सुतार डोके खाजवत म्हणाला, "कापावं लागणार बघा." आणि त्याने मला बरोबर मधोमध करवत लावली! आत नेऊन दोन्ही अर्धे पुन्हा जोडले, जोडापाशी जास्तीचे पाय लावले. लोकांना वाटते, हा जोड मुद्दाम ठेवला आहे. मीही कोणाचा गैरसमज दूर करत नाही.

माझ्याभोवती एकच काम चाले. कोणते औषध कोणी लिहून द्यायचे, ते ठरवायचे. खिडकीकडच्या अर्ध्याभोवती रुग्णालयातले तज्ज्ञ बसत, कोणी हृदयाचे, कोणी हाडांचे, कोणी मेंदूचे. दाराकडच्या अर्ध्याभोवती घरचे डॉक्टर, म्हणजे ताप आला की आई तुम्हाला ज्यांच्याकडे नेते ते. दवाखाना आटोपून धापा टाकत येणारी ही मंडळी, त्यांना दाराजवळचीच जागा बरी पडे. औषधाची बाटली माझ्या जोडावर ठेवायची, मनसोक्त वाद घालायचा आणि मग ती एका बाजूला सरकवायची, अशी रीत होती. तापाचे, खोकल्याचे औषध दाराकडे. ज्याला यंत्रे आणि डोळ्यांत तेल घालून देखरेख लागते, ते खिडकीकडे. बाटली सरकली की मला अशा गुदगुल्या होत म्हणून सांगू!

मग दिवस फिरले. जुने डॉक्टर निवृत्त झाले. सभा आधी पुढे ढकलल्या गेल्या, नंतर बंदच पडल्या. माझ्यावर खोकी आली, मोडका पंखा आला, कोणाची तरी विसरलेली छत्री आली. धूळ इतकी साचली की कोणीतरी तिच्यात बोटाने मांजर काढून ठेवले. तेवढीच काय ती मला सोबत.

नवी औषधे मात्र येतच राहिली. ती कोणी लिहायची, हे कोणी ठरवलेच नव्हते. रुग्णालय म्हणे, घरच्या डॉक्टरांकडे जा. घरचे डॉक्टर म्हणत, हे रुग्णालयाचे काम. बिचारी आजारी माणसे या दोघांमध्ये हेलपाटे घालून थकून जात.

आणि एक दिवस ताई आल्या. त्या औषधांच्या जाणकार. कोणते औषध कोणाला मानवते आणि कोणाला बाधते, हे पाहणे त्यांचे काम. त्यांनी खोकी हलवली, माझे मांजर पुसले (थोडे वाईट वाटले), मला तेल लावले आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांना बोलावले. शिवाय केस कापणाऱ्या एका काकूंनाही बोलावले. सभेला आजारी माणूस? असे आजवर कधी झाले नव्हते. खुर्च्या तर सगळ्या भरलेल्या. ताईंनी आपली खुर्ची माझ्या जोडापाशी ठेवली, काकूंना बसवले आणि स्वतः उभ्या राहिल्या.

काकूंच्या बोटांचे सांधे सुजत. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या एका गोळीने ते ताळ्यावर राहत. पण गोळ्या संपल्या, तेव्हा दोन्हीकडून त्यांना परत पाठवले गेले. आता अंगठा कात्रीत जाईना आणि दुकान बंद पडले होते.

काकूंनी रिकामी बाटली जोडावर ठेवली.

सांध्यांचे तज्ज्ञ म्हणाले, "माझ्याकडे रांग बाहेरच्या फाटकापर्यंत जाते. औषध सुरू मी करीन, पण दर वेळी लिहून द्यायला मी कशाला?" त्यांनी बाटली दाराकडे सरकवली.

काकूंच्या घराजवळच्या डॉक्टरबाई उसळून म्हणाल्या, "आणि रक्तात काही बिघडलं तर? ही गोळी काय साधी आहे? विचारायचं कोणाला? तुमच्याकडे फोन कोणी उचलतं तरी का?" बाटली पुन्हा खिडकीकडे.

इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. त्या दिवशी मला गुदगुल्या झाल्या नाहीत. मला रडू येत होते.

तेवढ्यात काकूंनी बाटलीवर हात ठेवला. तो सुजलेला, वाकड्या बोटांचा हात सगळ्यांनी पाहिला. काकू म्हणाल्या, "बाटली रिकामी आहे हो. ती कुठंही सरकवा. मी कुठं जाऊ, तेवढं सांगा."

तज्ज्ञांनी खिशातून पेन काढले. मग ते म्हणाले, "फोन मी उचलेन. माझा स्वतःचा नंबर देतो."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "उचलणार असाल, तर गोळ्या मी लिहीन. रक्तही वेळच्या वेळी तपासून घेईन."

"मग बाटली जोडावरच राहू दे," ताई म्हणाल्या. "पण कोणी काय करायचं, ते पक्कं झाल्याशिवाय कोणी उठायचं नाही."

आणि खरेच कोणी उठले नाही! औषध सुरू करायचे आणि मात्रा बसवायची तज्ज्ञांनी. पुढे लिहून द्यायचे आणि रक्तावर नजर ठेवायची घरच्या डॉक्टरांनी. काही वावगे दिसले तर त्याच दिवशी फोन. दोघांनी मिळून सांभाळायच्या औषधाची ही माझ्यावरची पहिली बाटली. मला तर नाचावेसे वाटले, पण इतक्या पायांनी नाचणार कसे?

काकूंचा चेहरा असा उजळला की काय सांगू! जाता जाता त्या तज्ज्ञांच्या मानेकडे बघत राहिल्या. "डॉक्टर, एक विचारू? मागचे केस कोणी कापलेत?"

"बायकोनं," तज्ज्ञ ओशाळून म्हणाले.

"वाटलंच मला. बोटं चालायला लागली की निरोप देते, या."

खिडकीकडचे आणि दाराकडचे सगळे एकदमच हसले. त्यानंतरच्या एका सभेला तज्ज्ञ आले, ते असे झकास केस कापून की डॉक्टरबाईंनी टाळ्याच वाजवल्या. काकूंची कात्री चालू लागली होती!

मित्रांनो, मला अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसलेत तर आनंदच आहे. पण माझे मागणे वेगळे आहे. "हे माझे काम नाही" असे म्हणायची वेळ तुमच्यावरही येईल. तेव्हा ज्याचे काम अडले आहे, त्याला आधी जवळ बसवा आणि त्याचे ऐका. तुमच्या दारातून तो परत निघेल, तेव्हा पुढे कोणाचे दार वाजवायचे, हे त्याला नक्की ठाऊक असू द्या.