बटणाजवळची राखण

शॉक बसला कपिलला आणि घरानं धरलं विजयमालाला.

भजनी मंडळाचा जुना, काचेच्या वॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर उघडून कपिल ओसरीवर बसला होता. त्या घरची रीतच होती, की एकानं विजेच्या कामाला हात घातला की दुसऱ्यानं बोर्डापाशी राखण करायची, चुकून कुणी बटण दाबू नये म्हणून. मोटार असो की मिक्सर, ही राखण कायम सुनेच्या वाट्याला. फोडणी तशीच टाकून बिचारी येऊन उभी राहिली. खराब वॉल्व्ह काढून कपिलनं मशीन चालू करून पाहिलं, मग तिला बंद करायला सांगितलं. तिनं बंद केलं. त्यानं आत हात घातला आणि दुसऱ्या क्षणी तो भिंतीवर जाऊन आदळला.

"बटन दाबलं का वं तू?" सासूनं आधी हे विचारलं. लेकाकडे नंतर पाहिलं!

"नाई दाबलं, आत्याबाई."

"मंग करंट काय आभाळातून आला?" सासरे रामराव गरजले.

बंद केल्यावर तिनं बटणाला बोटही लावलं नव्हतं. पण ऐकतो कोण? संध्याकाळपर्यंत, नवऱ्याच्या जिवावर उठलेली बाई म्हणून तिचं नाव गल्लीभर झालं. हाताला पट्टी बांधून दवाखान्यातून आलेला कपिल खाटेवर गप्प पडून होता. एका शब्दानंही तो तिच्या बाजूनं बोलला नाही. याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी ती तडक आर्णीच्या बाजारात गेली. अब्दुल गनीचाचांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान तिला माहीत होतं, कपिल वॉल्व्ह तिथूनच आणायचा.

"चाचा, बटन बंद असताना करंट लागते का?"

"लागते ना, बेटी."

"मंग घरी चला. माह्या सासऱ्याच्या तोंडावर सांगा."

चाचा आले. त्यांनी मशीन चालू केलं, बंद केलं, प्लग काढून विजयमालाच्या हातात दिला. मग एक हात पाठीमागे ठेवून, सोबत आणलेल्या बल्बाच्या दोन वायरी आत टेकवल्या. बल्ब भपकन पेटला आणि विझला. सासू चार पावलं मागे सरकली.

"हे कंडेन्सर करंट धरून ठेवते," चाचा म्हणाले. "वॉल्व्ह काढले की तो तसाच आत बसून राह्यते, प्लग बाहेर असला तरी. बल्ब लावला की उतरून जाते." मग ते कपिलकडे वळले. "तुले तं म्या दुकानातच सांगतलं होतं ना बापा? पहिले बल्ब लाव, मंग हात घाल म्हणून?"

कपिल पट्टीचा दोरा ओढत राहिला. "हो. इसरलो होतो."

"आठोलं कवा?" विजयमालानं विचारलं.

"दवाखान्यात."

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं! तिची अब्रू गल्लीत धुतली जात होती आणि हा खाटेवर पडून ऐकत होता.

"जाऊ दे वं आता," सासू म्हणाली, "जीव वाचला ना. चाचाले चहा टाक."

"चाचाले चहा देतोच मी. पन पहिले हे उठतीन." विजयमालानं प्लग कपिलच्या मांडीवर टाकला. "ज्या ज्या घरी माहं नाव गेलं, तिथं तिथं जा अन् सोताच्या तोंडानं सांगून या."

रामरावांनी मान फिरवली. कपिल हळूच उठला, इकडेतिकडे पाहू लागला.

"माह्या चपला कुठं हायेत?"

समोरच होत्या. तिनं सांगितलं नाही.