‘मोकळी’ हा शेरा

नर्स उज्ज्वलाबाई ज्या दिवशी कामावर मेली, त्याच दिवशी तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांनी तिला गैरहजर लिहिलं. वर ‘मोकळी फिरते’ असा शेरा मारला.

तो शेरा खोडून घ्यायला तिची लेक नूतन ओतूरहून तीन एसट्या बदलून पाचव्यांदा साहेबांच्या कचेरीत आली होती. तिला पाहताच कारकून गोरखने फाईलीत तोंड घातलं. गैरहजेरीची नोटीस आईच्या नावाची, तेव्हा खुलाशावर सहीही आईचीच लागेल, असं त्याने मागच्या खेपेला सांगितलं होतं. थट्टा करत नव्हता. नियम सांगत होता.

भीमाशंकरच्या अंगाला डोंगरात उज्ज्वलाबाई एकवीस वर्षं उपकेंद्राची नर्स. पोटुशीला तपासण्याआधी चुलीवर हात शेकून घ्यायची. गार हात लागला की आतलं दचकतं, म्हणायची. नूतन ओतूरला आजीकडे वाढली. तिच्या तापल्या कपाळाला तो हात क्वचितच लागला. डोंगरातल्या बायांचा तिने लहानपणी लई राग केला.

त्या दिवशी वरच्या वस्तीवर भागूचं बाळंतपण अडलं. बाई कुलूप लावून धावली. मागून साहेबांची गाडी आली. उपकेंद्राच्या पायरीवर म्हातारी कोंडाबाई बसलेली. नर्स कुठंय, साहेबांनी विचारलं.

“मोकळी कराया गेली,” म्हातारी म्हणाली.

डोंगरात बाळंतीण सुटली की मोकळी झाली म्हणतात. साहेबांनी एवढा एकच शब्द उचलला आणि बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं: ‘कर्मचारी मोकळी फिरत असल्याचे ग्रामस्थांकडून समजते.’

तिकडे भागू मोकळी झाली, पोरगी झाली. उतरताना भाताच्या बांधावर उज्ज्वलाबाईला घोणस चावली. उपकेंद्रातली सापाची लस कधीच संपलेली. तिनेच तीनदा लिहून मागितलेली. लोकांनी झोळी करून खाली आणली. डांबरी लागायच्या आत ती संपली.

दहाव्याचे तांदूळ निवडताना नूतनच्या हातात नोटीस पडली: तीन दिवसांत खुलासा करावा.

आज तिने कोंडाबाईलाच आणलं होतं. म्हातारीने हात जोडून सगळं सांगितलं. साहेबांना चूक कळली, तोंडावर दिसलं. मग म्हणाले, सेवापुस्तक वर गेलंय, आता खाडाखोड नको.

“आणि तसंही, त्यांना आता काय फरक पडतो?”

“माझ्याच त्वांडानं बाईला बट्टा लागला गं,” कोंडाबाई पुटपुटली. नूतनला तिची समजूत काढता आली असती. तिने काढली नाही.

तिने पिशवीतून कोरा कागद काढून साहेबांच्या पुढ्यात सरकवला.

“मोकळी म्हणजे काय, ते आज तुम्हाला कळलं. कळूनही शेरा का ठेवताय, ते लिहा. आईला तुम्ही तीन दिवस दिले होते, मी तेवढेही देत नाही. आत्ता लिहा. आणि खाली सही तुमचीच लागेल.”