उलट्या वाऱ्यातली रांग

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा, असं सांगणार होतो. पण तुम्हाला सायकलवर बसवायचं आहे, तेव्हा डोळे उघडेच ठेवा आणि कल्पना करा. समोर पट्टीने आखल्यासारखा सरळ कालवा. त्याच्या काठाने तांबडी सायकलवाट. दोन्हीकडे गवत आणि गाई. टेकडी नाही, भिंत नाही, म्हणजे वाऱ्याला कुणी विचारणारंच नाही. तुम्ही पेडल मारता. वारा तोंडात शिरतो, गाल फुगतात, डोळ्यांतलं पाणी कानात जातं. पाय तर गरगर फिरताहेत, पण कुंपणापलीकडची गाय काही मागे पडत नाही. ती तुमच्याकडे बघत निवांत रवंथ करते आहे.

आलं डोळ्यांसमोर? मग तुम्ही फ्रीसलंडमध्ये पोचलात. आता जरा कडेला उभे राहा. फैके येतोय.

फैके हा हिस्केचा बाबा. बारा वर्षं त्याने दुधाचा टँकर चालवला. हिस्के उठायच्या आधी तो निघून गेलेला असे आणि ती शाळेतून परत येई तेव्हा घोरत असे. दोघांची गाठ पडायची ती रविवारी. तेवढ्यात गावचे पूलवाले वीब्रेनकाका म्हातारे झाले आणि त्यांच्या जागी माणूस हवा होता. काम मोठं मजेचं. बोट आली की गावचा पूल उघडायचा, बोट गेली की बंद करायचा, मग सायकलवर टांग मारून बोटीला मागे टाकायचं आणि शहराजवळचा पूल उघडायचा. संध्याकाळी जेवायला घरी. फैकेला हे काम हवं होतं. हिस्केला त्याच्याहून जास्त हवं होतं.

वीब्रेनकाका म्हणाले, "उद्या सकाळी एक बोट आहे. ती नीट पुढे ने. शहराच्या पुलाशी बोटीला थांबावं लागलं, तर आपली दोस्ती तशीच राहील, पण काम दुसऱ्याला."

संध्याकाळी हिस्केने बाबाला गोठ्यामागे उभं केलं. ती वर्षभर रोज त्याच वाटेने शाळेत जात होती, त्यामुळे त्या संध्याकाळी शिक्षक तीच.

"बाबा, आधी सीट वर घे. गुडघे कानाला लागतायत तुझे."

"हिस्के, मी चाळीस टनांचा टँकर चालवलाय."

"त्याला पेडलं होती का? बस वर. टाच पेडलवर ठेव. पाय सरळ झाला पाहिजे. हां, आता बरोबर."

मग तिने टायर अंगठ्याने दाबून पाहिले, पंप मारायला लावला, साखळीला तेल लावून घेतलं. एवढं फैकेने केलं, कारण ती समोर कमरेवर हात ठेवून उभी होती. बाकीच्या गोष्टींना त्याने नुसती मान हलवली. पिशवी पाठीवर नको, पाठ भिजते, कॅरिअरला लाव. कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढ. वारा समोरून असला की हलका गिअर. आणि उजव्या पायाची पँट मोज्यात खोच.

"पँट मोज्यात?" फैके हसला. "मला पूलवाला दिसायचंय गं, कोंबडीचोर नाही."

सकाळी बोट आली ती वाजतगाजत. जुनी, रुंद, उंच डोलकाठीची. शहरात कुणाचं तरी लग्न होतं आणि अख्खं बँडपथक पितळी वाद्यं घेऊन तिकडे निघालं होतं. डेकवर घडीच्या खुर्चीत वीब्रेनकाका, हातात कॉफी. फैकेने गावचा पूल उघडला, बोट गेली, पूल खाली आला. फाटकाशी शाळेला निघालेली पाच-सहा मुलं थांबली होती. त्यात हिस्के, आणि तिच्या पुढे रिन्से. रिन्से शाळेच्या शेवटच्या वर्षातला, बगळ्यासारख्या लांब पायांचा.

"बाबा, थांब आमच्यासाठी!" हिस्के ओरडली.

पण फैके कसला थांबतोय! टांग मारून तो निघालासुद्धा. पिशवी पाठीवर, कोट उघडा, गिअर जड.

वाऱ्याला एवढंच हवं होतं. कोट फुगला आणि फैकेचा फुगा झाला. तो पुढे रेटत होता, कोट मागे ओढत होता. बोटीवर संथ चालीवर काहीतरी वाजत होतं आणि ते हळूहळू लांब जात होतं. इतक्यात मागून घंटी वाजली. मुलांची रांग आली, बदकाच्या पिल्लांसारखी एकामागे एक.

"कसं चाललंय, बाबा?"

"मस्त!" फैके म्हणाला. तेवढ्यातच त्याचा श्वास संपला.

आणि मग खर्रर्र! पँट साखळीत.

हिस्के थांबली. ती थांबली म्हणून रांग थांबली. तिने पेडल उलटं फिरवून पँट सोडवली. पँटचं खालचं दोन बोटं कापड साखळीने खाल्लं होतं. फैकेने पँट मोज्यात खोचली, चेन गळ्यापर्यंत ओढली, पिशवी उतरवून कॅरिअरला बांधली.

"आता शोभतोस कोंबडीचोर," हिस्के म्हणाली. "चल, माझ्या मागे ये."

"लेकीच्या मागे लपू? वीब्रेनकाका बघतायत बोटीवरून."

"मग राहा पुढे. आणि सोमवारी जा परत टँकरवर."

फैकेने सायकल मागे घेतली. मग तिच्या मागे आला.

"माझ्या चाकाच्या जवळ राहा, पण चिकटू नको," हिस्के पुढून ओरडत होती. "चाकाकडे टक लावू नको, माझ्या पुढे काय आहे ते बघ. एकदम ब्रेक मारायचा नाही. मारावाच लागला तर हात वर कर आणि ओरड. गिअर हलका! पाय भराभर, जोर कमी!"

"हिस्के, पोटाला वारा लागत नाही, पण डोक्याला लागतोय!"

"वाक की मग! मी काय तुझ्यासाठी रात्रीत उंच होऊ?"

त्या रांगेचा एक नियम होता. पुढच्याने एका दिव्याच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत वारा खायचा, मग बाजूला होऊन शेपटाला यायचं. हिस्केचा खांब झाला, फैकेला आधी दम खाऊ द्यायला रिन्से मागून पुढे आला, आणि फैकेच्या कानातला घोंगाट एकदम बंद झाला.

"अरे! वारा गेला कुठे?"

"माझ्या नाकात!" रिन्से पुढून ओरडला.

मग फैकेची पाळी आली. फैके म्हणजे खांदे केवढे! तो पुढे आला आणि मागे आनंदीआनंद झाला.

"कपाट आलं रे, कपाट!" रिन्सेने एक हात सोडला आणि डब्यातून ब्रेड काढला. लोणी लावलेला, वर चॉकलेटचे बारीक दाणे पेरलेले. एरवी त्या वाटेवर ते दाणे निम्मे गाईंनाच मिळायचे. "बघा! एक दाणा उडाला नाही! काका, शाळेपर्यंत तुम्हीच राहा पुढे, मी दुसराही खातो!"

"राहतो की!" फैके फुशारला.

"नाही!" हिस्के म्हणाली. "खांब आला. बाबा, मागे हो."

"अगं, मला जमतंय."

"जमतंय तेव्हाच मागे यायचं. दमल्यावर आलास तर मागे बसूनही दमलेलाच राहशील."

फैके मागे आला. आणि काय सांगू, पुढच्या खांबांना त्याच्या पायांत जोर शिल्लक होता! बोटीवरचा आवाज आता जवळ येऊ लागला.

"फैके!" वीब्रेनकाका खुर्चीतून ओरडले. "लहान मुलांच्या आडोशाला बसतोस? लाज नाही वाटत?"

"छान गारवा आहे इथे!" फैके ओरडला. "या तुम्हीपण!"

बँडवाल्यांना ते फार आवडलं. ढोलवाल्याने ठेका वाढवला, तुतारीवाले त्याच्या मागे धावले, संथ चालीची उडती चाल झाली. मुलांचे पाय ठेक्यावर फिरू लागले. रांग अशी सुटली, की इतका वेळ रवंथ करणाऱ्या गाईसुद्धा शेपट्या वर करून कुंपणाच्या कडेने धावू लागल्या. बोट मागे पडली. वीब्रेनकाकांनी कॉफी खाली ठेवली.

समोर शहराचा पूल. आणि पुलावर सकाळची गर्दी! शाळेची पोरं, दुकानांत जाणारे, कचेऱ्यांत जाणारे, सायकलला पुढे लावलेल्या पेटीत दोन-दोन बाळं घेतलेल्या आया, सगळे सायकलवर. फैकेने उडी मारली, फाटकाचा दांडा धरला, आणि तिथेच अडकला. माणूस पहिल्यापासून भिडस्त.

"जा, जा, तुम्ही जा," तो म्हणाला. एक गेला. मागे दुसरा होताच. "बरं, तुम्हीपण जा." दहा गेले, मागे वीस आले. बँडचा ढोल आता पाठीशी वाजत होता. डोलकाठी सरळ पुलावर येत होती.

हिस्केची रांग त्याच गर्दीतून पलीकडे निघाली होती आणि आता सगळ्यांत पुढे हिस्के होती. पलीकडे शाळा, पहिला तास गणिताचा, त्यात चाचणी. फाटकापाशी तिने मान वळवली. बाबा अजून "जा, जा" म्हणत होता.

हिस्केने हात उंच केला. "थांबतेय!" ती सगळ्या ताकदीने ओरडली आणि सायकल वाटेवर आडवी उभी केली. मागे रिन्से थांबला. रिन्सेमागे रांग थांबली, रांगेमागे सगळं शहर थांबलं.

"मुली, माझी मीटिंग आहे!" टायवाले एक गृहस्थ म्हणाले.

"सांगा, पूल उघडा होता. सगळे तेच सांगतात."

लोक खो खो हसले, कारण ते सगळे खरंच तेच सांगत. पलीकडून येणारेही हसत हसत थांबले.

"बाबा, ओढ!"

फाटक खाली आलं. फैकेने हँडल असं फिरवलं, की पूल दचकूनच उभा राहिला. डोलकाठी मधून गेली. बोट थांबली नाही, हळूसुद्धा झाली नाही. बँड जीव तोडून वाजवत होता. काठावर टायवाले गृहस्थ पुढच्या पेटीतल्या बाळांना ताल धरून दाखवत होते आणि रिन्से सायकलसकट नाचत होता.

वीब्रेनकाका खुर्चीतून उठले. त्यांनी डोक्यावरची पूलवाल्याची निळी टोपी काढली.

"घे रे फैके! आता तुझी!"

त्यांनी टोपी फेकली. फैकेने हात वर केला. पण वारा काय असा सोडतो? त्याने टोपी फैकेच्या बोटांवरून उचलली, लोकांच्या डोक्यांवरून नेली आणि तांबड्या वाटेवर टाकली. टोपी उभी राहिली आणि चाकासारखी गावाच्या दिशेने पळत सुटली.

"हिस्के!" रिन्से ओरडला. "शाळा इकडे आहे!"

हिस्केने तोवर सायकल वळवली होती. तिने एकदाच पेडल मारलं, पाठीवर सगळा वारा घेतला, दोन्ही पाय हवेत पसरले आणि "बाबा, आणते!" असं ओरडत ती टोपीच्या मागे भन्नाट सुटली.