लॅपटॉपमधला बाबांचा आवाज

घशाच्या ऑपरेशनआधी बाबांनी आपला आवाज लॅपटॉपमध्ये भरून ठेवला होता. जन्मभर बसस्थानकाच्या माइकवर घोषणा केलेला माणूस. घरातसुद्धा जेवायला बोलवायचं तर "प्रवाशांनी लक्ष द्यावं" इथूनच सुरुवात. स्वरयंत्रच काढावं लागणार हे ठरलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एका कंपनीचा प्रोग्राम सुचवला. बाबा रोज माइकसमोर बसून त्यातली वाक्यं वाचत राहिले. ऑपरेशननंतर ते टाइप करायचे आणि लॅपटॉप त्यांच्या आवाजात बोलायचा. जरा नाकात, पण त्यांच्याच.

पुढे लॅपटॉप थकला. बाबांनी गंमत टाइप करावी आणि ती ऐकू येईपर्यंत पाहुणे चपला घालून जिन्यात. आई म्हणायची, "तुमच्यापेक्षा यालाच पेन्शन द्या." मग तो मध्येच बंद पडायला लागला.

"आतली सिस्टीमच बदलू या," माझा नवरा म्हणाला. "एक हलकी सिस्टीम आहे, जुन्या मशीनवरही पळते."

बाबांनी टाइप केलं. लॅपटॉप अडखळत बोलला, "जावईबापू, माझा आवाज?"

"ते अख्खं फोल्डर आधी पेनड्राइव्हवर काढून घेतो, बाबा. निर्धास्त राहा."

त्याने हयगय केली नाही. फोल्डर दोन ठिकाणी उतरवलं, फाइली ताडून पाहिल्या आणि मगच जुनी सिस्टीम पुसली. नवी चढली. स्क्रीन लख्ख उघडला, बोट लागताच अक्षरं उमटायला लागली. बाबांनी जावयाच्या पाठीवर थाप मारली.

मग त्याने फोल्डर परत टाकलं. फाइली सगळ्या होत्या, पण उघडेचनात. त्यांना तो जुना प्रोग्रामच हवा होता आणि तो या सिस्टीमवर चालत नव्हता. नवऱ्याने नाना खटपटी केल्या. शेवटी नवी काढून जुनी सिस्टीम पुन्हा चढवली. प्रोग्राम उघडला, पण आवाजाच्या फाइली उघडण्याआधी तो कंपनीकडे परवानगी मागायला लागला. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहिलं.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"अहो, ती कंपनी केव्हाच बंद पडली," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे चालू होतं तेवढं चालू होतं. बाबांच्या बोलण्याचं जुनं रेकॉर्डिंग आहे का कुठे? त्यावरून काही करता येईल."

आम्ही शोधलं. बसस्थानकावर सगळं थेट माइकवर चालायचं, जपून कोण ठेवणार? घरच्या व्हिडिओंमध्ये आम्ही सगळे दिसतो. कॅमेरा बाबांच्या हातात असायचा. एका ठिकाणी ते "हसा" म्हणतात. तेवढंच.

"मी विचारून घ्यायला हवं होतं," नवरा म्हणाला. बाबांनी नुसता हात हलवला. त्याला माफ केलं की गप्प बस म्हणाले, मला कळलं नाही. पूर्वी त्यांनी तोंडाने सांगितलं असतं.

जुनी सिस्टीम परत अडकायला लागली, म्हणून नवऱ्याने पुन्हा नवी चढवली. तिच्यात बोलण्याची सोय होती. बाबांनी टाइप केलं आणि डब्यात तोंड घालून बोलावं तसा कुणी परका पुरुष म्हणाला, "चहा होईल का?"

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "कोण आलंय गं?"

आई पदराला हात पुसत बाहेर आली, इकडेतिकडे बघायला लागली. बाबांनी स्पीकर बंद केला.

तो त्यांनी पुन्हा लावला नाही. आता ते टाइप करतात आणि स्क्रीन आमच्याकडे फिरवतात. लॅपटॉप झकास चालतो, एकदाही अडकत नाही. आईला मात्र ती बारीक अक्षरं दिसत नाहीत. अक्षरं मोठी करून दिली, तर चार शब्दांतच स्क्रीन भरतो आणि ती मधेच वाचायचं सोडते. हल्ली बाबांनी स्क्रीन फिरवला की ती न वाचताच "बरं" म्हणते. बाबा थोडा वेळ तिच्याकडे बघतात आणि लिहिलेलं पुसून टाकतात.