बाहीपुरतं इंग्रजी

मावशीची इंग्रजी शिकवण्याची तऱ्हाच वेगळी. शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर भाचीला बसवायचं आणि म्हणायचं, "हं चिमणे, होऊन जाऊ दे!" चिमणी बोलेल तोवर मावशीचा पाय पॅडलवर. चिमणी अडली की मशीनही गप्प. कपडे वेळेवर व्हावेत म्हणून पोर पोपटासारखी बोलायला लागली.

घोटाळा आज लक्षात आला. मशीनची खडखड नसली की तिच्या तोंडून शब्दच फुटेना! आणि शाळेच्या कार्यक्रमात पाहुण्यांचं इंग्रजीतून स्वागत कोण करणार, ते उद्या ठरणार होतं. चिमणीचा सगळा जीव त्यात अडकला होता.

"मशीन शाळेत नेऊ या ना, मावशी," ती रडकुंडीला आली.

"हो तर! मी टेबलाखाली बसून पॅडल मारते."

तेवढ्यात बँकेतल्या बाई दारात हजर. "झाला का माझा ड्रेस? संध्याकाळी पार्टी आहे."

"एकच बाही राहिलीय. बसा."

"मागच्या खेपेलाही एकच बाही राहिली होती!"

मावशीने चिमणीला डोळ्यांनी खुणावलं. मशीन सुरू झालं, चिमणीही. "इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्स..."

बाईंनी बाहेर डोकावून पाहिलं. "अगं, ऊन रखरखतंय की! उन्हाचं काहीतरी बोल."

उन्हाचं काहीच पाठ नव्हतं. पण थांबलं तर बाही राहणार. चिमणीने समोर दिसेल ते इंग्रजीतून बोलायला सुरुवात केली. मावशीचा चहा गार झालाय. मावशीची मान दुखते. आणि बाही का राहिली? तर ह्या बाई दर खेपेला लांबी बदलतात! आधी कोपरापर्यंत, मग मनगटापर्यंत, मग पुन्हा कोपरापर्यंत. आता तिचे हातही बोलायला लागले. एक-दोन क्रियापदं घसरली, पण तिला फिकीर नव्हती. बाई तोंडावर रुमाल धरून हसत होत्या.

मधेच दोरा तुटला. मावशीने तो सुईत ओवायला घेतला आणि हात तसाच ठेवून ऐकत राहिली. बाई काही बोलणार, तोच तिने ओठांवर बोट ठेवलं.

शेवटी चिमणीने दम घेतला. "झाली का बाही?"

"कुठली? दोरा मघाशीच तुटलाय."

चिमणीने थांबलेल्या चाकाकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं आणि स्टुलावरून उडीच मारली.

बाईंनी पर्स बाजूला ठेवली. "बाहीचं राहू दे. मी पाहुणी. दारातून आत येते, माझं स्वागत कर. आणि माझ्या बाहीबद्दल अवाक्षर काढायचं नाही!"

पार्टीला बाई बऱ्याच उशिरा पोचल्या. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीच्या तोंडापासूनच आरोळी आली, अगदी खणखणीत मराठीत, "मावशी, मलाच घेतलं!"