चाकाखालचा दगड

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे आणि उभं राहणं माझ्या स्वभावात नाही. तरीही गेली कित्येक वर्षं मी फैजपुरात गुलाबभाऊंच्या अंगणात, निंबाच्या झाडाखाली उभी आहे. माझ्या चाकाखाली एक भला मोठा दगड आहे. मागच्या बाकावर एक कोंबडी अंडी घालते. माझी नियमित प्रवासी म्हणाल तर सध्या तीच.

माझा जन्म कुठे झाला ते मला नीट आठवत नाही. जन्माच्या वेळी मी सुटे भाग होते. कळू लागलं तेव्हा मी वरणगावच्या कारखान्यात होते. तिथे बंदुकीच्या गोळ्या तयार होत आणि मी साहेबांना बंगल्यापासून कचेरीपर्यंत नेत असे. डोंगर चढता यावा म्हणून माझ्या चारही चाकांना जोर देणारा एक खास गिअर मला दिलेला होता. कारखान्यातला रस्ता मात्र ताटासारखा सपाट. तो गिअर तिथे कोणी एकदाही टाकला नाही. पट्टीच्या पोहणाऱ्याला टाकीवर पाणी सोडायच्या नोकरीला लावावं, तसं माझं झालं होतं. भिंतीवरून उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसायची. ती पाहून माझं इंजिन उगाचच गरम व्हायचं. साहेब म्हणायचे, ‘गाडीत काहीतरी बिघाड आहे.’

पुढे माझा लिलाव झाला आणि गुलाबभाऊंनी मला घेतलं. गुलाबभाऊ केळीबागायतदार, पण पाय एका जागी ठरणारा माणूस नव्हे. सत्यनारायणाच्या पूजेत दुसऱ्या अध्यायालाच ते उठून चपला शोधू लागत. आमचं चांगलं जमलं. त्यांनी मला हिरवा रंग दिला आणि कपाळावर पांढऱ्या अक्षरांत लिहून घेतलं, ‘सातपुडा दर्शन’. ज्याला डोंगराच्या पोटातले धबधबे, घाट, जंगल पाहायचं असेल त्याने यावं, गुलाबभाऊ खाजगी जीपने नेतील, अशी योजना होती.

योजनेत एकच अडचण होती. फैजपूरपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत जेवढी गावं लागतात, तेवढ्या सगळ्या गावांत गुलाबभाऊंचे नातेवाईक राहतात. आमच्याकडे नातेवाइकाच्या दारावरून चहा न घेता पुढे जाणं म्हणजे त्याच्याशी वैर जाहीर करणं.

“काय भो गुलाब, दारावरून चालला अन् चहा नही? आम्ही मेलो का?” असा पुकारा झाला की माझा ब्रेक लागायचा. चहा झाला की शेव-मुरमुरे यायचे, मग ‘आता आलेच हाये तर जेवूनच जा’ व्हायचं. एकदा जळगावहून बँकेचे एक साहेब बायकोला घेऊन सातपुडा पाहायला आले होते. दिवसभरात त्यांनी कितीतरी ओटे पाहिले, दोन नव्या मोटारपंपांचं कौतुक केलं आणि एका बारशाला हजेरी लावली. संध्याकाळी निघताना त्यांनी अदबीने विचारलं, “ह्यात सातपुडा नेमका कोणता होता?”

आता मुख्य गोष्ट सांगते.

गुलाबभाऊंची थोरली बहीण पार्वताबाई. सगळे तिला अक्का म्हणत. लग्न होऊन ती धुळ्याला, देवपुरात गेली आणि तिची बोलीही तिकडची झाली. लहानपणी माहेरच्या धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, वाळवण राखत बसायची, तेव्हा समोर तो निळा डोंगर असायचा. त्याच्या पलीकडे काय आहे, हे तिला पाहायचं होतं. बाप म्हणाला, ‘लग्न होऊ दे, मग सासरचे दाखवतील.’ सासरचे म्हणाले, ‘डोंगर तुझ्या माहेरचा आहे, माहेरी पाहा.’ ह्या वाटाघाटीत अक्काचे केस पांढरे झाले.

ती गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या हिवाळ्याची. अक्काच्या मुलाने सुरतेला घर केलं होतं आणि संक्रांतीनंतर तिला तिकडे न्यायचं ठरलं होतं. देवपूरचं घर बंद होणार होतं. ती माहेरी आली, तिने माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाली, “गुलाब, सुरतमा डोंगर नई शे. याना पल्याड काय शे, ते माले एक डाव दखाड.”

“अक्का, तू पक्की धुळ्याची झाली,” भाऊ हसले. “डोंगराच्या पल्याड डोंगरच राहीन, दुसरं काय?”

“मंग तोच दखाड.”

आम्ही निघालो. सोबत गुलाबभाऊंच्या पत्नी लिलाबाई होत्या. डब्यांचा ढीग सांभाळत त्या मागच्या बाकावर बसत. चुलते चुडामणआबाही होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण गाडी निघताना ते नेहमीच गाडीत सापडत. पहिल्या दिवशी दोन गावं झाली, चहा झाले आणि सूर्य बुडाला. दुसऱ्या दिवशी भाऊंनी माझे ताडपत्रीचे पडदे चारी बाजूंनी बंद केले आणि गावातून मला सुसाट काढलं. युक्ती चांगली होती. पण वाटेत कोणाचा तरी आवाज ओळखून आबांनी पडद्यातून मुंडकं बाहेर काढलं आणि विचारलं, “काय रे उखर्डू, म्हैस व्याली का?” उखर्डूची म्हैस व्याली होती. खरवस खाऊन आम्ही परत आलो.

त्या रात्री अक्का जेवली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने तिला धुळ्याला जायचं होतं. भाऊंनी ते एक दिवस पुढे ढकललं आणि म्हणाले, “उद्या सडक नको. उद्या सडकेचं नावच नको.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सर्वांत सुंदर सकाळ. केळीच्या बागांमधल्या पाणंदीतून, कपाशीच्या बांधावरून, सातपुड्यातून उतरणाऱ्या नाल्याच्या कोरड्या पात्रातून मी निघाले. गोट्यांवरून उड्या मारताना माझा प्रत्येक नट बोलत होता. अक्का पुढच्या दांड्याला घट्ट धरून बसली होती. डोंगर निळा होता तो हिरवट झाला. मग त्याच्यावरची झाडं वेगळी दिसू लागली.

“गावं मागे ऱ्हायनी?” अक्काने विचारलं.

“बठ्ठी मागे ऱ्हायनी,” ‘सगळी’ न म्हणता भाऊ तिच्या बोलीत म्हणाले. ते खुशीत होते.

पण खुशीत माणूस कॅलेंडर विसरतो. तो मार्गशीर्षातला रविवार होता. मार्गशीर्षातल्या रविवारी आमच्याकडे माणसं घरात नसतात. हिरवी वांगी भरात येतात आणि घरंच्या घरं शेतात जाऊन कपाशीच्या काड्यांवर ती भाजतात, भरीत करतात. म्हणजे नातेवाइकांना चुकवायचं तर त्या दिवशी सडकेनेच जायला हवं होतं. गावं रिकामी पडली होती. आम्ही मात्र शेतांतून निघालो होतो.

नाल्याचा काठ चढून मी एका वळणावर वर आले, तर समोर धूर आणि धुराभोवती भाऊंचे झाडून सगळे नातेवाईक. पहिल्या दिवशीचे होते, दुसऱ्या दिवशीचे होते, उखर्डूही होता. शेत झिपरूनानांचं. नाना म्हणजे भाऊंचे आणि अक्काचे चुलतभाऊ.

“अरे वा रे वा!” नाना ओरडले. “मी म्हंतच होतो, गुलाब आल्याबिगर राहायचा नही!”

“नाना, आज नको. अक्काले डोंगर दाखवाले चाललो.”

“डोंगर काय पळून चालला? वांगं थंड होतं, डोंगर थंड होतो का?”

गुलाबभाऊंनी ब्रेक लावला. आबा तर मी थांबण्याआधीच उतरले होते. भाऊंनी मला नाल्याच्या उताराकडे तोंड करून उभं केलं, गिअर काढला आणि पुढच्या चाकाखाली एक दगड लावला. हे नेहमीचंच. माझा सेल्फ कधीच गेला होता. दगड काढायचा, मी उतारावरून घरंगळायचं आणि मग क्लच सोडून इंजिन चालू करायचं, अशी आमची पद्धत होती.

अक्का उतरली नाही.

“उतर ना व अक्का,” नाना म्हणाले.

“नई. मना पाय तुना वावरले लागना नई, म्हणजे मी उनीच नई. मी डोंगरकडे चालनी.”

शेताला पाय लागला नाही म्हणजे आपण आलोच नाही, हा तिचा हिशेब ऐकून सगळे हसले. नाना म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. पाहुणी गाडीत, तर ताट गाडीत.” आणि केळीच्या पानावर भरीत, कांद्याची पात आणि पुऱ्या अक्काच्या मांडीवर आल्या. गुलाबभाऊ पंगतीत बसले. एक तर पंगतीतून मधेच उठणं वाईट, त्यात वाढणारा झिपरूनानांसारखा असला की उठणं अशक्यच. पान रिकामं दिसलं की नाना त्यात भरीत टाकत आणि पान भरलेलं दिसलं की म्हणत, “तू तर काहीच खाल्लं नही.”

उन्हं कलली. केळीच्या सावल्या नाल्यात उतरल्या. पुऱ्यांची दुसरी परात आली. अक्काने पानाला हात लावला नव्हता. ती एकटक डोंगराकडे पाहत होती. उद्या ती धुळ्याला जाणार होती आणि तिथून सुरतेला.

इतक्यात लिलाबाई आल्या. आल्यापासून त्या बायकांमध्ये भरीत ठेचत होत्या. ते लाकडी मुसळ अजून हातातच होतं.

“अक्का, तुम्ही खाल्लं नही.”

“लिला, सूर्य देख कोठे गया.”

लिलाबाईंनी सूर्याकडे पाहिलं. मग पंगतीकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना पानांत होत्या. मग त्यांनी माझ्या चाकाकडे पाहिलं.

“अक्का,” त्या हळूच म्हणाल्या, “घट्ट धरून बसा.”

आणि त्यांनी मुसळाने दगडाला असा टोला दिला, की तो नाल्यात जाऊन पडला.

मित्रांनो, मी घरंगळले. उतार फार नव्हता, पण ताडपत्रीखाली ताठ बसलेली म्हातारी, मांडीवर भरीत, आणि चालक कोणीच नाही, हे दृश्य पंगतीला सहन होण्यासारखं नव्हतं. “अक्का! अक्का चालली!” असा गिल्ला झाला. गुलाबभाऊ हातातल्या पुरीसकट धावले. चप्पल शोधायला ते थांबले नाहीत, हे आयुष्यात पहिल्यांदाच. नाल्याच्या रेतीत मी मंद झाले तेव्हा त्यांनी उडी मारून स्टिअरिंग धरलं, गिअर टाकून क्लच सोडला, आणि मी गुरगुरले.

“थांबव आता,” भाऊ स्वतःलाच म्हणाले.

“थांबवशी तर तुले मनी आन शे,” अक्का म्हणाली.

मागे काठावर नाना हातवारे करत होते. आबा पंगतीतून उठलेच नव्हते. त्यांचा आवाज तेवढा ऐकू आला, “गाडी लोखंडाची हाये, तिले काय होतं? बसा रे, भरीत थंड होतं.” आणि लिलाबाई मुसळ घेऊन उभ्या होत्या. कोणीतरी मागे राहून जेवायला हवंच होतं, नाहीतर नानांचा मान गेला असता. ते काम त्यांनी कोणी न सांगता स्वतःकडे घेतलं.

पुढे भाऊंनी तो गिअर टाकला. कारखान्यात कोणी कधी न टाकलेला, तोच. दगडधोंड्यांतून, सागाच्या वाळक्या पानांतून, जिथे बैलगाडीची वाटही संपली होती तिथून मी चढले. माझ्या रेडिएटरमधून वाफ निघत होती आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. सूर्य हातभर वर असतानाच आम्ही माथ्यावर पोचलो.

पलीकडे डोंगर होता. त्याच्या मागे आणखी एक, जरा फिकट. त्याच्या मागे आणखी एक, इतका फिकट की तो डोंगर की आभाळ, ते कळू नये.

अक्काने बोटाने एकेक डोंगर मोजला. मग तिला हसू आलं. पहिल्यांदा बारीक, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “तू खरं सांगे, भाऊ. डोंगरना पल्याड डोंगरच शे.” आणि डोळे पुसून, “पन त्याना पल्याड काय शे?”

मग तिने मांडीवरचं थंड भरीत खायला घेतलं आणि अर्धं भावाला दिलं. मित्रांनो, त्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत गुलाबभाऊ एका जागी बसून राहिले. मी ते पाहिलं आहे, म्हणून सांगते. एरवी कोणाचा विश्वास बसणार नाही.

घरी परतल्यावर लिलाबाईंनी दारातच विचारलं, “अक्का, काय दिसलं?”

“डोंगर,” अक्का म्हणाली, आणि दोघी तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. मग अक्का म्हणाली, “पुढला साल तुले दखाडसू, लिला.” तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतक्या वेळा सगळ्यांचे डबे भरून मागच्या बाकावर बसणाऱ्या ह्या बाईला डोंगर पाहायचा आहे का, हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

पुढला साल आला, अक्काही आली. पण तोवर गावोगाव माझी कीर्ती पसरली होती. दगड कोणी काढला हे दोघींशिवाय कोणाला माहीत नव्हतं आणि गाडीची साक्ष कोणी काढत नाही. ‘ती जीप नाठाळ हाये, लावलेला दगड ओलांडून पळते, म्हातारीला घेऊन पळाली,’ असं झिपरूनाना रंगवून सांगत. मला कोणी भाड्याने घेईना, कोणी केळीचे घड भरीना. शेवटी भाऊंनी मोटारसायकल घेतली आणि मला निंबाखाली उभं करून हा मोठा दगड लावला. जमीन सपाट असताना लावला, ह्यावरून माझा धाक समजा. टायरांतली हवा गेली. ‘सातपुडा दर्शन’मधला ‘सातपुडा’ उन्हाने उडाला. उरलंय नुसतं ‘दर्शन’, आणि तेही फक्त कोंबडी घेते.

पण संध्याकाळी स्वयंपाक आटोपला, की लिलाबाई येतात. कोंबडीला हाकलून पदराने बाक पुसतात. मग मागे न बसता पुढे येऊन बसतात, अक्का बसली होती तिथे. समोर उत्तरेला निळी रेघ असते. त्यांचा पाय खाली लोंबतो आणि त्या अंगठ्याने दगडाला हळूहळू ढकलून पाहतात. दगड हलत नाही. हलला तरी अंगणाला उतार नाही. हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, त्यांना पुसा, तेल द्या, असं मी तुम्हाला सांगणार होते. तेही कराच. पण आधी तुम्ही आठ-दहा जण मिळून फैजपूरला या. रेडिएटरमध्ये पाणी घाला, चाकांत हवा भरा, दगड बाजूला करा आणि मागून जोर लावा. येताना गावात कोणाकडे चहाला थांबू नका.

प्रवाशाची काळजी नको. लिलाबाई आधीच बसलेल्या आहेत.